पारूबाईची पट्टी सुटताना

राजनंदिनी. नावच असं की क्लबच्या बातमीत घालायचं म्हटलं तर निम्मी ओळ खातं. बातम्या मीच लिहिते, म्हणून मला ठाऊक. भोरच्या वेळवंडी सेवा क्लबात मी नाव घातलं तेव्हा ही बाई शाळेत पाढे म्हणत असेल. आणि आता मीटिंगला चहा आला की पहिला कप तिच्यापुढं सरकतो. मी बघत असते. कोण सरकवतं तेही बघते.

जळते मी तिच्यावर. आडपडदा कशाला ठेवायचा? लग्न करून भोरात आली, नवऱ्याचं एसटी स्टँडसमोर मेडिकल, घरी सासू स्वयंपाकाला, म्हणजे हिला क्लबासाठी दिवस मोकळा. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच शहाणे. आणि हातात कायम मोबाईल. मी बातमी लिहून, दोनदा वाचून पेपरवाल्याकडं नेईपर्यंत हिचं रील साऱ्या तालुक्यानं बघितलेलं असतं. पेपरवाला मलाच म्हणतो, ताई, हे तर कालच बघितलं. अंगाचा नुसता तिळपापड होतो.

पण ते मी गिळलं. चहा गिळला, रील गिळलं. पारूबाई मात्र मला गिळता येईना.

आमच्या क्लबाचं मोठं काम म्हणजे डोळ्यांचं शिबिर. भाताची कापणी उरकली की वेल्ह्याच्या वरच्या वाड्यावस्त्यांतून म्हातारी माणसं गोळा करायची, तपासायची, आणि ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांना मन्सूरभाईंच्या जीपमध्ये घालून पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण डोळ्याला सुरी लावून घ्यायला म्हातारं माणूस सुखासुखी तयार होत नाही. त्याच्या अंगणात जाऊन बसावं लागतं, ताक प्यावं लागतं, सुनेच्या कागाळ्या ऐकाव्या लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे काम माझं. माझं भोरच्या चौपाटीजवळ ब्लाउज शिवायचं दुकान आहे. शिबिराच्या दिवसांत मी दुकानाला कुलूप लावते आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाते.

का खाते ते सांगते. आमच्यात एक रीत आहे. क्लब ज्यांनी काढला ते सावळाराम अण्णा आता नाहीत, पण रीत त्यांनी घालून दिलेली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडतात, तेव्हा ज्यानं त्या माणसाला घरातून उठवून आणलं, त्यानंच समोर उभं राहायचं. बाकीच्यांनी मागं. उभं राहणाऱ्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. सिस्टर पट्टी काढते आणि विचारते, समोर कोण आहे? मग त्या माणसानं बघून नाव सांगायचं. झालं, एवढंच. हार नाही, नारळ नाही. अण्णा म्हणायचे, ह्याच्यावर ज्याचं पोट भरत नाही त्यानं क्लबात राहू नये.

माझं भरतं. गुंजवण्याच्या एका आजोबांनी माझ्याकडं टक लावून बघितलं, "वर्षाताई" म्हणाले आणि हमसून रडायला लागले. सिस्टर ओरडली त्यांना, डोळ्यात पाणी काढू नका म्हणून. ते आठवलं की मला साधी भाजी-भाकरीसुद्धा गोड लागते. कुणाच्या उघडलेल्या डोळ्यापुढं पहिली आपण. ह्याच्यापेक्षा मोठं मानाचं पान माझ्या नशिबात दुसरं नाही, आणि मला नकोही.

तर पारूबाई. पालीच्या वर, राजगडाकडं तोंड करून डोंगराच्या सोंडेवर चार घरांचा धनगरवाडा आहे. खाली ट्रेकवाल्यांच्या गाड्या लागतात तिथून उजवीकडं पायवाट निघते. पारूबाई तिथं लेकाजवळ राहते, ज्ञानोबाजवळ. मी पहिल्यांदा गेले तेव्हाच तिला माणसाचा नुसता आकार दिसत होता, आणि पुढं पुढं तोही गेला. पण बाई काही ऐकायची नाही. दरवर्षी मी जायची, दरवर्षी ती ताक पुढं करायची आणि म्हणायची, बस गं, डोळ्याचं सोडून काय बी बोल. शेळ्या तिला आवाजानं कळायच्या, कुठली व्यालीय आणि कुठली रुसलीय ते तिला नुसत्या चालण्यावरनं समजायचं. मग आणखी बघायचं काय, असं तिचं म्हणणं. मी चिडायची. म्हातारे, दरीत पडून मरशील एक दिवस, असं तोंडावर म्हणायची. ती हसायची. तुझा आवाज खालच्या टेपाडावरनं येतो, म्हणायची, कुत्री भुंकायच्या आधी मला कळतं तू आलीस.

तिनं माझं तोंड कधी बघितलं नव्हतं. माझ्या मनात एकच होतं. हिची पट्टी सुटेल तेव्हा समोर मी असणार. क्लबात दुसरं कुणी तिच्या वाटेला जातच नव्हतं. तो उंबरा माझा होता.

ह्या वर्षी मी वर गेले नाही. दुकानात लग्नसराईची कामं होती. गुडघेही जरा कुरकुरतात, पण ते जगाला सांगायचं कारण नाही. म्हटलं शिबिराच्या आधी एक फेरी मारू. तर मीटिंगला आमचे अध्यक्ष हनुमंत सर उठले आणि म्हणाले, आनंदाची बातमी आहे. पालीच्या वरच्या पारूबाई ऑपरेशनला तयार झाल्या. राजनंदिनी काल गेली होती, एका भेटीत तयार केलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, न वाजवून सांगते कुणाला. एका भेटीत. मी इतकी वर्षं ती चढण चढून दम काढला, छातीचा भाता झाला माझा, आणि ही एकदा गेली, गोड बोलली, मोबाईलमध्ये काहीतरी दाखवलं असेल, की म्हातारी निघाली पिशवी घेऊन. सरांनी मला सांगितलं, वर्षाताई, याची झकास बातमी करा. मी म्हटलं, करते. घरी येऊन वही उघडली आणि मिटली. रात्री नवरा म्हणाला, भाजीत मीठ नाही. त्याला जे ऐकावं लागलं त्याचा त्यात काही दोष नव्हता.

राजनंदिनी नंतर दुकानात आली होती. उभ्या उभ्या कापडाला हात लावत राहिली. ताई, पारूबाईंचं बोलायचं होतं, असं म्हणाली. मी म्हटलं, मला आज तीन ब्लाउज द्यायचेत, शिबिराचं शिबिरात बोलू. मशीन जोरात चालवली. गेली बिचारी. बिचारी कसली.

पुण्याला जाताना जीपमध्ये ती पारूबाईशेजारी बसली. मी मागं, बाकीच्या म्हाताऱ्यांत. पारूबाईनं माझा आवाज ओळखला, वर्षा हाय व्हय गं, म्हणाली. मी म्हटलं, हाय. पुढं काही बोलले नाही. रुसले होते, दुसरं काय. आपल्या वयाच्या बाईनं रुसू नये हे मला कळतं, पण कळून काय करता? तिच्या गळ्यात औषधाच्या बाटलीची थैली होती. त्या थैल्या मी शिवते सगळ्यांसाठी, म्हणजे ड्रॉप हरवत नाहीत. तिची थैली मी खणाच्या कापडाची केली होती, काठ लावून. ती करताना मला माहीत नव्हतं की हिला दुसरीच कुणी आणणार आहे.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर सगळ्यांना ओळीनं बसवलं. एकेका डोळ्याला पांढरी पट्टी, हात मांडीवर. सिस्टर एका टोकानं सुरू झाली. नेमकं त्याच वेळी दुसऱ्या टोकाच्या एका आजोबांना घेरी आली, आणि राजनंदिनी पाणी घेऊन तिकडं पळाली. सिस्टर पारूबाईपाशी आली, पट्टीला हात लावला आणि मागं न बघता म्हणाली, "हिचं कोण? या समोर."

मी राजनंदिनीकडं बघितलं. ती आजोबांच्या तोंडाला भांडं लावत होती. हाक मारली असती तर आली असती. हाक मारायला मला काय जड होतं? एरवी माझा आवाज तालुक्याच्या ह्या टोकाला निघाला तर त्या टोकाला जातो. नाही मारली. दोन पावलं पुढं झाले आणि पारूबाईसमोर जाऊन उभी राहिले. पदर नीट केला. जागा माझीच आहे, मी मनात म्हटलं, चढण मी चढलेय.

पट्टी निघाली. पारूबाईनं डोळा उघडला, मिटला, परत उघडला. पाणी आलं ते सिस्टरनं टिपलं. मग ती माझ्याकडं बघायला लागली. कपाळाकडं बघितलं, कुंकवाकडं बघितलं, नाकातल्या चमकीकडं बघितलं. इतकं सावकाश मला कुणी कधी बघितलं नाही, अगदी लग्न ठरवायला आलेल्यांनीसुद्धा.

सिस्टर म्हणाली, "आजी, समोर कोण आहे?"

पारूबाई हसली.

"राजनंदिनी," ती म्हणाली.

एवढं लांबलचक नाव, पण म्हातारीनं एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. सिस्टर म्हणाली शाब्बास, आणि पुढच्या माणसाकडं गेली. तिला काय माहीत कोण कोण आहे ते.

मी तिथंच. अगं मी वर्षा, एवढंच तर म्हणायचं होतं. पण म्हणू कोणत्या तोंडानं? रीत पारूबाईला सांगितलेली होती. ज्यानं आणलं तोच समोर असणार, म्हणून तिनं नाव घेतलं. तिचं उत्तर बरोबर होतं. चुकीची मी उभी होते. राजनंदिनी भांडं घेऊन परत आली होती, माझ्या मागं थांबली. तिनं ते नाव ऐकलं, हे मला न वळता कळलं. वाटलं, आता ही पुढं येईल, गोड हसेल, म्हणेल अहो आजी, मी इकडं. आली नाही. थांबून राहिली. त्याचाही मला राग आला.

पारूबाईनं माझा हात धरला आणि मला खाली ओढलं. कानात बोलायचं होतं तिला.

"तुला म्हनून सांगते पोरी," ती म्हणाली. "म्या काय डोळ्यासाठनं आले न्हाई. तू म्हनलीस ना, वर्षाचं गुडघं गेलं, फुडच्या साली ती वर याची न्हाई. तवा माज्या मनानं घेतलं, तिचं येणं बंद व्हायच्या आदी तिचं त्वांड एकडाव बघून घ्यावं. लई वर्सं बोंबलत वर येती गं ती. कुठं हाय? बलीव तिला. तिला बघितलं की माजं काम झालं."

आता खरं तर माणसानं इथं रडावं. मी रडले नाही. मला सगळ्यात आधी ऐकू आले ते गुडघे.

"कुणाचे गुडघे गेले?"

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. मन्सूरभाई जिन्यात उभे होते, त्यांच्या हातातला चहा हिंदकळला.

पारूबाईच्या हाताची पकड घट्ट झाली. तिनं मान मागं घेतली, परत माझ्याकडं बघितलं, आणि ह्या वेळी तो डोळा माझ्या तोंडावर असा फिरला की मला कुठं लपावं ते कळेना.

"आगं बाई," ती म्हणाली. "ह्यो तर तिचाच आवाज."

मी मान हलवली.

"येवढीशी हाईस व्हय गं तू?" पारूबाई म्हणाली. "आवाजावरनं मला वाटायचं, दारात मावायची न्हाईस."

आणि हसायला लागली. खांदे गदागदा हलवून हसली. सिस्टर धावत आली, डोळ्याला धक्का बसेल म्हणाली, तेव्हा कुठं थांबली. माझा हात तिनं सोडला नाही. माझ्या तोंडावरनं हात फिरवला, गालफडं चाचपली, म्हणाली, खात जा गं जरा. त्या वेळी मात्र माझे डोळे वाहायला लागले. सिस्टर मला ओरडली नाही, माझं कुठं ऑपरेशन झालं होतं.

सुख असं माझ्या वाट्याला चमचाभर येतं. लगेच पारूबाई म्हणाली, मग ती पोरगी कुठं हाय? राजनंदिनी पुढं आली. पारूबाईनं तिला बघितलं आणि म्हणाली, लई देखणी हाय गं ही. झालं. माझं तोंड बघायला बाई डोंगर उतरून आली, मला खात जा म्हणाली, आणि देखणी कोण, तर ही.

मी राजनंदिनीला जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, माझ्या गुडघ्यांची दवंडी पिटायला तुला कुणी सांगितलं होतं? तिनं मान खाली घातली. म्हणाली, ताई, मी डोळ्यांचं काही बोललेच नव्हते. आजींनी विचारलं, औंदा वर्षा का नाही आली. मागच्या शिबिरात वेल्ह्याच्या शाळेच्या पायऱ्या तुम्ही कठड्याला धरून उतरत होतात ते मी बघितलं होतं. मी खरं तेच सांगितलं. तर त्या उठल्या आणि म्हणाल्या, कधी निघायचं?

"मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमचे गुडघे सगळ्यांसमोर कसे काढू?" ती म्हणाली. "दुकानात सांगायला आले होते. तुम्ही मशीन थांबवली नाहीत."

बघा. चांगुलपणासुद्धा असा करते की माणसाला चिडायला जागा ठेवत नाही. मिरवली असती, फोटो काढला असता, तर मी सुखानं चार वर्षं तिच्या नावानं बोटं मोडली असती. ती समोरची जागा मी चोरली तेव्हा मागं उभं राहून ती गप्प बसली, आणि हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणणार, केवढी गुणाची पोर. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

परतताना काळे चष्मे लावून सगळी मंडळी जीपमध्ये बसली. मन्सूरभाई म्हणाले, ताई, तुम्ही पारूबाईंजवळ बसा. बसले. पलीकडं राजनंदिनी. पारूबाई चष्म्याच्या आतून रस्त्यावरच्या पाट्या, ट्रक, उसाचे गाडे, सगळं बघत होती आणि मधूनच माझ्याकडं मान वळवून खात्री करून घेत होती. बोगदा गेला तेव्हा तिनं दुसऱ्या डोळ्याचा विषय स्वतःच काढला. म्हणाली, तो फुडच्या साली करू. राजनंदिनी लगेच म्हणाली, आजी, मी येईन तुम्हाला न्यायला, ताईंना नको त्रास.

"तू न्हाई," पारूबाई म्हणाली. "हिनं यायचं. वरपतुर. खालनं बोंबलत. न्हाई तर म्या काय येत न्हाई."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी राजनंदिनीकडं बघितलं, चांगलं डोळ्यात डोळे घालून बघितलं. तिच्या तोंडावर एक आठी पडली असती तर काय बिघडलं असतं? ती हसली. बरं झालं ताई, म्हणाली.

उजवा गुडघा त्या वेळी नुसता ठणकत होता. सकाळपासून दवाखान्यात उभी होते, त्यात जीपमध्ये पाय मुडपून बसलेले. पालीची ती चढण डोळ्यापुढं आली, मधला तो निसरडा टप्पा आला, जिथं मागच्या साली मी ज्ञानोबाच्या काठीला धरून बसूनच उतरले होते आणि त्याला कुणाला सांगू नको म्हणाले होते. येईन म्हणून मी पारूबाईला शब्द दिला. पदराखालनं हात घालून गुडघा दाबून धरला.

राजनंदिनीनं ते बघितलं. पायापाशी ठेवलेली आपली मोठी बॅग उचलून मांडीवर घेतली, आणि स्वतः दाराकडं सरकून माझा पाय लांब व्हावा एवढी जागा केली. मग खिडकीबाहेर बघत राहिली.

हायवे सुटतो त्या चेलाडी फाट्यापर्यंत मी पाय पसरला नाही. जीप वेल्ह्याकडं वळली तेव्हा पसरला.